दोरीमागचा माणूस

१

भागोजीचा पाय निकामी झाला तर मोरूच्या पदरात काय पडणार, हा हिशेब शेवखारच्या मंडळींनी भागोजीला वाळूवरून उचलायच्या आधीच पुरा केला होता. हिशेब वाईट नव्हता. पहिली बाब, संघातली जागा. शेवखारचा पहिला चढाईवाला एके काळी मोरूच होता. मग भागोजी मुंबईहून रजा काढून खेळायला येऊ लागला, आणि मोरूच्या हातात बांबूची काठी देऊन त्याला दोरीमागे गर्दी हटवायला उभं केलं. दुसरी बाब, राही. गावकीचे म्होरके अंबाजी, त्यांची ही मुलगी. तिचं मोरूशी ठरलेलं होतं, पण हल्ली अंबाजींच्या तोंडी होणाऱ्या जावयापेक्षा भागोजीचंच नाव जास्त यायचं. तिसरी बाब, मोरूच्या हातातली काठी. ही काही फायद्याची बाब नव्हे. पण माणसं घाईघाईने हिशेबाला बसली की हत्यारसुद्धा जमेला धरतात.

बाकी कोणाला काय मिळणार होतं ते कोणी मांडलंच नाही. एकाचा हिशेब इतका झकास जुळल्यावर दुसऱ्याचा कशाला काढा?

घडलं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. १९५८चा जानेवारी, नागावचा किनारा, अंतिम सामना. कमिटीच्या फलकावर कबड्डी लिहिलं होतं, लोक हुतुतूच म्हणत होते. समोर किहीमचा संघ. शेवखारने लागोपाठ दोन वर्षं ढाल नेली होती. या खेपेला नेली की ती कायमची त्यांची.

भागोजीची एक सवय तालुक्याला पाठ होती. चढाईआधी तो आपल्या अंगणात पार मागे जायचा, हद्द म्हणून ताणलेल्या काथ्याच्या दोरीला टाच टेकवायचा, देवीचं नाव घ्यायचा, आणि तिथून जो सुटायचा तो थेट समोरच्यांच्या छातीवर. त्या दिवशीही त्याने टाच टेकवली. देवीचं नाव घेतलं. पाय रोवून पहिली झेप घेतली, आणि काडकन आवाज झाला. पलीकडे बायकांत बसलेल्या म्हाताऱ्यांनाही तो ऐकू गेला.

भागोजी तोंडावर आपटला. उठून बसला तेव्हा त्याने पहिल्यांदा आपल्या पायाकडे नाही, मागे पाहिलं. मागे दोरीपलीकडे, काठी घेऊन, मोरू उभा होता.

"मोऱ्या," भागोजी म्हणाला, "मना मागून काठी घातलीस?"

मोरूने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात शेवखारचे वस्ताद काळूराम गर्दीच्या वर आवाज काढून म्हणाले, "मी बघितला. या डोळ्यांनी बघितला."

२

नागावच्या दवाखान्यातल्या डॉक्टर नीराबाई मूळच्या अलिबागच्या, शिकलेल्या मुंबईत. सामन्यांचा हंगाम आला की त्या व्हरांड्यात जादा बाक टाकून ठेवायच्या. निखळलेली बोटं, मुरगळलेले घोटे, ताणलेल्या मांड्या, एखादा उतरलेला खांदा, असं ते पीक दरसाल यायचं. रोग्याने आधी सगळी हकीगत सांगायची आणि बाईंनी मग अंग बघायचं, असा त्यांचा रिवाज होता. "तोंड एक सांगतं आणि सांधा दुसरंच," त्या म्हणायच्या. "दोघांचं जुळलं तर माणूस लवकर बरा होतो."

त्या दिवशी पेशंटच्या मागून निम्मं शेवखार आलं. मोरूच्या सदऱ्याची एक बाही फाटलेली होती. ती कोणी फाडली हे विचारत न बसता बाईंनी त्याला औषधांच्या खोलीत घातलं, बाहेरून कुलूप लावलं आणि चावी कमरेला खोचली.

अंबाजी पायरीवर येऊन उभे राहिले. सावकाश बोलणारा माणूस. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडत नसे.

"दाक्तरीणबाय, काठीचा मार हाय एवढा एका कागदावर लिवून द्या. पुढचं आम्ही बघून घेतो."

"बघून घेता म्हणजे काय करता, अंबाजीदादा?"

"मोरूचं घर आमच्यातून गेला. त्याला कोणी विस्तव देणार न्हाय, पाणी देणार न्हाय. माझी पोर तर न्हायच न्हाय."

"वाळीत टाकायला कायद्याने बंदी आहे."

"कायदा अलिबागेत ऱ्हातो, बाय. मोरूची मिठागरात कामाला जायची वाट आमच्या बांधावरून जाते."

"आणि हे ठरणार कधी?"

अंबाजींनी सुरूच्या झाडांपलीकडे, खाडीच्या अंगाला पाहिलं. शेवखार खाडीपल्याड होतं. "भरती भरली की होड्या सोडणार. मोरूला होडीत घ्यायचा की न्हाय ते तेव्हाच ठरल."

पाणी चढायला कधीच लागलं होतं. बाई आत आल्या.

भागोजी टेबलावर पालथा पडला होता, पाय कडेबाहेर लोंबते. बाईंनी पोटरीपासून तळव्यापर्यंत पाहिलं. कातडी जशीच्या तशी होती. टाचांच्या भेगांत मात्र हळद मुरलेली होती, आणि ती फक्त उजव्या टाचेच्या.

"हळद कोणी लावली?"

"आयनं. ती डोका दुखला तरी हळदच लावते."

"मारलं कुठे?"

"टाचेच्या वर. सपकन. आधी वाटला पाय तुटूनच पडला. आता तेवढा दुखत न्हाय, पण चवड्यावर जोर देता येईना."

बाईंनी त्या जागी बोट टेकलं. टाचेच्या वर जी जाड दोरी हाताला लागायला हवी, तिच्या जागी बोट एका खळग्यात गेलं. मग त्यांनी दोन्ही पोटऱ्या पाळीपाळीने दाबल्या, पावलांकडे नीट पाहिलं, पुन्हा एकदा दाबून पाहिलं, आणि हात पुसले.

"मोरूने मारताना तू पाहिलंस?"

"पाठीला डोळे न्हाईत, बाय. पण मार कळतो. देवीची आण घेतो. मागून मारला."

भागोजी खोटं बोलत नव्हता. बाईंना याबद्दल शंका उरली नाही, आणि अडचण तीच होती. खोटं बोलणाऱ्याला उलटसुलट विचारून पकडता येतं. हा माणूस खरं बोलून दुसऱ्याचं घर बुडवायला निघाला होता, आणि बाहेर त्याच्या शब्दावर जीव टाकणारं गाव उभं होतं.

३

व्हरांड्यात पहिल्या बाकावर रघू होता. शेवखारचा दुसरा चढाईवाला. भागोजी पडला तेव्हा सगळ्यांत जवळ तोच उभा होता. घोटा फुगवून बसला होता.

"भागोजीला उचलायला धावलो आणि माझाच पाय मुडपला," तो म्हणाला.

बाईंनी घोटा हातात घेतला. "आत वळला होता ना? म्हणून बाहेरून सुजलाय. लगेच फुगला, म्हणजे मुरगळ. हाडावर दाबते, ओरड हं."

"ओरडू कशाला, दुखलं तर ओरडीन."

"मग मोडलेलं नाही. आणि ही मांडी?" धोतराच्या काठाखाली एक भलामोठा डाग दिसत होता.

"तो मागच्या सामन्यातला. कोणाचा तरी गुडघा."

"आठवडा झाला असेल."

रघू चकित झाला. "कोण बोलला तुम्हाला?"

"मांडीच बोलली. मार ताजा असला की लाल. मग निळाजांभळा. मग कडेने कच्च्या कैरीसारखा हिरवट, आणि जाता जाता पिवळा. तुझा कैरीवर आलाय." बाई पट्टी गुंडाळत राहिल्या. "आता मला सांग, भागोजी गेल्यावर पहिली चढाई कोणाची?"

रघूचा चेहरा पडला. "माझी. पण बाय, मी या घोट्यानं अंगणात उभा न्हाय ऱ्हात."

"अरे, मी फक्त विचारलं. त्याच्या टाचेवर तुझा पाय पडला का?"

"न्हाय. हातभर लांब होतो."

"नसणारच. पडला असता तर सालपट निघालं असतं. आवाज ऐकलास?"

"ऐकला. सगळे काठी म्हणतात म्हणून मी पण म्हणतो. पण खरा सांगू? काठी अंगावर बसते तेव्हा थप वाजते. हा ओली फांदी मोडावी तसा वाजला."

"मोरूचा हात हलताना पाहिलास?"

"मागं कोण बघतो? चढाई सुटली की सगळी दुनिया पुढं बघते. किहीमचा कोण गडी कुठं उभा हाय ते बघायचा असतो ना." मग तो तक्रारीच्या सुरात म्हणाला, "आणि दरसालसारखा ओल्या वाळूवर खेळलो असतो तर धडपणे पाय तरी मारता आला असता. ओहोटीची वाळू कशी, शेणानं सारवल्यासारखी. पण मुंबईवाल्या पाहुण्या सायबांचं भाषण संपलाच न्हाय. आम्ही उघडे गारठून बसलो. तोवर पाणी वर आला. मग दोरी उपटून वरती सुरूंखाली ठोकली, त्या भुसभुशीत वाळूत. पाऊल रुततो तिथं."

बाईंचा हात पट्टीवर क्षणभर थांबला. मग त्यांनी गाठ मारली आणि औषधांची खोली उघडली.

मोरू पेट्यांच्या मधे उकिडवा बसला होता.

"काठी कुठे होती?"

"खांद्यावर."

"भागोजी सुटला तेव्हा तू कुठे बघत होतास?"

मोरूने जमिनीकडे पाहिलं.

"मोरू, बाहेर पाणी चढतंय. लोक पुढे बघत होते, तू कुठे?"

उत्तर खिडकीतून आलं. गजांना धरून राही उभी होती. "माझ्याकडं बघत होता. बायकांत बसले होते मी. बोलायला लाजतो. गावातून घालवायला निघाले तरी लाजतोच हाय."

मोरूचे कान लाल झाले. साक्ष खरी होती. पण कामाची नव्हती, हे राहीलाही कळत होतं. ठरलेल्या मुलीने ठरलेल्या नवऱ्याची बाजू घेतली, एवढंच गाव म्हणणार.

"दुसरा एक आयका," ती घाईने म्हणाली. "वस्ताद हाताला फडका गुंडाळून फिरतात. काठी हिसकायला गेलो तर मोरूनं मना पण हाणला, असा सगळ्यांना दाखवतात. बाय, मोरू त्यांच्याजवळ गेलाच न्हाय. लोक धावले तशी यानं काठी टाकली आणि जागेवरच बसला."

मोरूने पहिल्यांदाच मान वर केली. "मी वस्तादांना मारीन?" तो म्हणाला. "त्यांनीच मना खेळ शिकवला."

४

काळूरामांना शेवखारमध्ये कोणी नावाने हाक मारत नसे. वस्ताद म्हटलं की तेच. पांढरं धोतर, गळ्यात शिट्टी, आणि कोणाशीही बोलताना त्याच्या खांद्यावर हात ठेवायची लकब. पोरं त्या हाताखाली वाढली होती. तोच हात आज फडक्यात होता.

"दाखवा, वस्ताद."

"कशाला बाय, एवढासा तर हाय. आधी पोराचं बघा."

"पोराचं बघितलं. आता तुमचं."

फडकं सुटलं. कोपराच्या खाली मार होता, यात खोट नव्हती. मधे जांभळा, आणि भोवती हिरवट, कडेला पिवळसर. बाईंनी बोटाने हलकेच कड चाचपली आणि फडकं होतं तसं परत बांधलं.

"हा मोरूचा?"

"तर कोणाचा? आजच्या दिवसात दुसरा कोणी माझ्या वाटेला गेलेला न्हाय."

"जपा याला. आणि मोरूने भागोजीला मारलं ते तुम्ही पाहिलंत. नक्की?"

"नक्की म्हणजे? माझी नजर टाचेवरच होती."

"चढाई सुटताना?"

"व्हय. टाचेवरच."

काळूराम हे बोलले आणि त्यांनी उगीचच शिट्टी चाचपली. बाईंनी ते पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं.

"आणि तुमचा यात फायदा काय?" त्यांनी हसून विचारलं. "आज मी सगळ्यांना विचारते आहे."

काळूरामही हसले. पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "माझा बुडला, बाय. सगळ्यांत जास्त माझाच बुडला. ढाल गेली. कायमची घरात येणारी ढाल. माझ्यावर कोण संशय घेईल?"

खरंच, कोण घेईल? ज्याचं सगळ्यांत जास्त नुकसान झालं, त्याच्याकडे बोट दाखवायचं कोणाला सुचत नाही. बाई काही बोलणार तोच गर्दी बाजूला झाली आणि ठमाबाई आत आली. भागोजीची आई. वाळूतून एवढं अंतर चालून तिला धाप लागली होती, आणि पोटाशी तान्हं मूल धरावं तसा तिने बुटांचा जोड दोन्ही हातांनी धरला होता.

"पोराचे हायेत. वाळूत पडले होते. कोण उचलून नेईल म्हणून घेऊन आले."

काळे, जाड, गुडघ्याखाली अर्ध्यापर्यंत येणारे. मुंबईत गोदामाच्या पहारेकऱ्यांना देतात तसले. बाईंनी एक उलटा केला. टाच चांगली उंच, लोखंडी पट्टी मारलेली.

"हे तो रोज घालतो?"

"उठल्यापासून निजेपर्यंत. तिकडे काढलेलं चालत न्हाय म्हणतो. घरी आला की फेकतो आणि अनवाणी फिरतो."

"ठमाबाई, त्याची उजवी टाच कधीपासून दुखते आहे?"

ठमाबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण आधी तिची नजर काळूरामांकडे गेली.

आणि त्याच वेळी बाहेरून कोणीतरी ओरडलं, "पाणी धक्क्याला लागला." पाठोपाठ औषधांच्या खोलीच्या कुलूपबंद दारावर पहिली लाथ बसली.

५

बाई व्हरांड्यात आल्या तेव्हा दाराची एक फळी फुटली होती. राही दाराला पाठ लावून उभी होती आणि तिच्या भावकीतलाच एकजण तिला दंडाला धरून बाजूला ओढत होता.

"मी लिहून देते," बाई मोठ्याने म्हणाल्या.

लाथा थांबल्या.

"पण काय लिहायचं ते तुमच्या देखत ठरवू. भागोजीचं टेबल बाहेर आणा. अंबाजीदादा, तुम्ही या बाकावर पालथे पडा."

"मी?"

"तुमचा शब्द गाव मानतं. म्हणून तुमची पोटरी हवी."

गर्दीत कोणीतरी खुसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. अंबाजी क्षणभर थांबले, मग डोक्याचं मुंडासं काढून ठेवलं आणि बाकावर पालथे पडले, पावलं बाहेर. शेजारी भागोजी.

बाईंनी अंबाजींची पोटरी मुठीत धरून दाबली. पाऊल आपोआप खाली झुकलं, पाण्यात वल्हं बुडावं तसं. भागोजीचा डावा पाय दाबला. तोही झुकला. मग उजवा. पाऊल हललं नाही. पुन्हा दाबला. पुढचे लोक वाकून पाहत होते. पाऊल मेल्यासारखं लोंबत राहिलं.

"पोटरीचा जोर टाचेपर्यंत नेणारा एक दोर असतो. याचा तो तुटलाय. इथे बोट घाला, अंबाजीदादा. घाला, त्याला तितकं दुखणार नाही."

अंबाजींनी बोट घातलं आणि चटकन काढून घेतलं. "खळगा हाय."

"म्हणजे काठीनंच तुटला," मागून कोणी म्हणालं.

"शाळेत मास्तरांची छडी खाल्ली नाही असा इथे कोणी आहे?" बाईंनी विचारलं. कोणी हात वर केला नाही. "वळ उठायला किती वेळ लागतो ते मग सगळ्यांना ठाऊक आहे. आतला जाड दोर तोडणारी काठी कातडी फाडून जाईल, निदान लालभडक पट्टा तरी उठवेल. इथे दाखवा मला काही."

लोकांनी पाहिलं. टाचेच्या वर कातडी स्वच्छ होती.

टेबलावरून भागोजी कोपरावर उठला. "म्हणजे मी खोटा बोलतो? देवीची आण घेऊन मी खोटा बोलतो?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तू खरं बोलतोस. तरी ते घडलेलं नाही. मी मुंबईत शिकत होते तेव्हा एक पारशी गृहस्थ असेच आणले होते. टेनिस खेळताना पडले. मागून कोणी लाथ मारली म्हणून आख्ख्या वॉर्डात शिव्या देत होते. त्यांच्या मागे भिंत होती, भागोजी. हा दोर तुटला की दर माणसाला हेच वाटतं, मागून कोणीतरी हाणलं. आवाजही होतो. ओली फांदी मोडावी तसा." रघूने मान डोलावली. "तू मागे पाहिलंस. मागे कोणीतरी असणारच होतं. आज मोरू होता."

बाईंनी बूट उचलून सगळ्यांना दाखवला. "वर्षभर टाच या उंचीवर. दोर आखडतो, त्याला तेवढीच सवय होते. मग गडी घरी येतो, अनवाणी खेळतो. कठीण वाळूवर निभावलं असतं कदाचित. आज भाषण ऐकत गार पडून बसला, आणि उठून पहिलीच झेप भुसभुशीत वाळूतून. टाच रुतली, दोर ताणला गेला, तुटला. पण असा दोर बहुधा एकदम तुटत नाही. आधी कुरकुरतो." त्या वळल्या. "ठमाबाई, मघाचं उत्तर राहिलं."

ठमाबाई आता काळूरामांकडे बघत नव्हती. "आला त्या दिवसापासून. सकाळी उठला की लंगडायचा, मग चालता चालता मोकळा व्हायचा. मी हळद-मीठ बांधायची. वस्तादांच्या घरी जाऊन हात जोडले मी. या खेपेला पोराला बसवा म्हटला. तर बोलले, ढाल घरात येऊ दे, मग बसव जन्मभर."

सगळ्यांच्या नजरा काळूरामांकडे वळल्या.

"हिला काय कळतंय," काळूराम म्हणाले. "मोरूनं मना मारला तो पण आतला दोर काय? हा बघा हात."

"दाखवा," बाई म्हणाल्या. "उन्हात धरा. रघू, तू ये. तुझी मांडी शेजारी धर."

रघू लंगडत आला, धोतर वर केलं. दोन डाग उन्हात शेजारी शेजारी आले. मधे जांभळे, भोवती हिरवे, कडेला पिवळे. एकाच झाडाची दोन पानं असावीत तसे.

"रघूचा मार मागच्या सामन्यातला. वस्तादांचा म्हणे आज सकाळचा. सकाळचा मार असा दिसत नाही. भागोजी, मागच्या आठवड्यात सरावात तू कोणावर पडलास का?"

भागोजी खरं बोलायची खोड असलेला माणूस. त्याने विचार न करता उत्तर दिलं. "वस्तादांच्या हातावर. टाचेत कळ गेली आणि कोलमडलो, माझा गुडघा त्यांच्या..."

तो तिथेच थांबला. आपण काय बोललो ते त्याला आत्ता ऐकू आलं होतं.

"सगळे पुढे बघत होते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "एकटे वस्ताद टाचेकडे बघत होते. त्यांनी मला तसं सांगितलं, आणि ते खरंच आहे. त्यांना ठाऊक होतं की आज काही जायचं तर तीच जाईल. गेली. मग भागोजीने मोरूचं नाव घेतलं. ते नाव तसंच राहिलं, तर ठमाबाईने जोडलेले हात कोणाला आठवणार नव्हते."

काळूरामांनी सवयीने शेजारच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवायला हात उचलला. पोरगा बाजूला झाला. हात तसाच हवेत राहिला, मग खाली आला.

अंबाजींनी मुंडासं परत बांधलं. त्याला त्यांनी बराच वेळ घेतला. "कागद नको, बाय," ते शेवटी म्हणाले. मग फुटलेल्या फळीकडे पाहिलं, दाराशी उभ्या मुलीकडे पाहिलं. "राही, त्याला बाहेर बोलाव. होड्या थांबल्यात."

६

आता फेड कोणी केली ते बघू.

मुंबईच्या पाहुण्या साहेबांनी काही भरलं नाही. ते सामना थांबला तेव्हाच नारळांची टोपली घेऊन गेले होते. पुढल्या वर्षीही अध्यक्ष म्हणून त्यांनाच बोलवायचं कमिटीत एकमताने ठरलं.

ढाल किहीमला गेली. खेळ अर्धवट राहिला म्हणून त्यांना ती घेताना संकोच वाटला, पण घेतली.

अंबाजींनी मुलगी दिली, आणि ठरल्या दिवशीच दिली. लग्नात जावयाच्या बापाला पानसुपारी द्यायला ते स्वतः वाकले. त्या गावात ही रक्कम लहान नव्हती.

भागोजीच्या पायाला बाईंनी चवडा खाली वळवून प्लास्टर घातलं. दोर हळूहळू सांधला. तो चालू लागला, पण चढाई परत कधी केली नाही, आणि दिवसभर उभं राहायची मुंबईची नोकरीही सुटली. मोरूची माफी मागायला आपण चालत जायला हवं असं त्याच्या मनाने घेतलं होतं. चालता येईना, म्हणून मोरूच त्याच्याकडे गेला. दोघं पडवीत बसून राहिले. काय बोलले ते ठमाबाईने कोणाला सांगितलं नाही. बहुधा काही बोललेच नसावेत.

काळूरामांना गावकीने दंड केला नाही. त्यांचा आकडा ठमाबाईने ठरवला. ओहोटीला नागावच्या बाजूला होडी काठाला लागत नाही. मधला चिखल पाठीवरून पार करावा लागतो. प्लास्टर होतं तोवर भागोजीला दवाखान्यात न्यायची दर खेप काळूरामांनी पाठीवरून केली. चिखलात मांड्यांपर्यंत रुतत, पाठीवर आपला सगळ्यांत चांगला गडी घेऊन. काठावरून पोरं बघायची. कोणी वस्ताद म्हणून हाक मारली नाही. "काळूराम, सांभाळून," असं एकदा कोणीतरी म्हणालं, तेव्हा त्यांनी मान वर केली आणि पुन्हा चालू लागले.

उरला मोरू. त्याच्या नावावर काहीच निघत नव्हतं. पुढल्या जानेवारीत सामने झाले, पहिली चढाई रघूकडे गेली, आणि कमिटीने मोरूला परत दोरीमागे उभं करून काठी दिली. ती त्याने घेतली नाही. शेवखारचा गडी टाच टेकवायला मागे आला की मोरू दोन पावलं मागे सरायचा, आणि दोन्ही हात पुढे धरायचा, तळवे उघडे, सगळ्या गर्दीला दिसतील असे. अजून धरतो.